पटाबाहेर बुद्धिबळाचा उपयोग

बुद्धिबळाच्या सरावाचा अभ्यासात, धंद्यात, घरातल्या निर्णयांत आणि म्हातारपणी कितपत उपयोग होतो, याविषयीचा हा विचार. हा खेळ खेळला की माणसाची एकूण बुद्धी वाढते, असा समज सगळीकडे आहे आणि खेळाचे नावच त्याला खतपाणी घालते. आजवरच्या संशोधनातून मात्र त्या समजाला फारसा आधार मिळालेला नाही. पटाभोवतीच्या काही सवयींची गोष्ट वेगळी आहे. नीट वळण लागले तर त्या मुलासोबत घरी येतात आणि पुढे अंगी मुरतात. नागपुरात हे अगदी जवळून पाहता येते.

भाषेपुरते म्हणाल तर हा खेळ व्यवहारात कधीच उतरला आहे. भारतातला चतुरंग पर्शियात गेला, तिथून ‘शह’ आणि ‘मात’ घेऊन परत आला. आज पटाशी कधी न बसलेला माणूसही राजकारणातले शह-काटशह सांगतो, आजारावर मात करतो, कुणाच्या हातातले प्यादे व्हायला नकार देतो.

नागपूरच्या रौनक साधवानीने 2019 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवला. संकल्प गुप्ता 2021 मध्ये ग्रँडमास्टर झाला. मग 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. स्पर्धेला जाताना दिव्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे तगड्या स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, नव्हता. विजेतेपदासोबत तो किताब थेट मिळाला आणि ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या शहराने पाहिली. त्या दृश्यानंतर मुलाला पटाशी बसवावे असे किती घरांना वाटले असेल! आणि लगोलग पालकांचा नेहमीचा प्रश्न येतो : याने गणित सुधारेल का?

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामात आपोआप उतरते का, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी 1901 मध्येच तपासले होते. दोन्ही कामांत बरेच साम्य असेल तरच ते उतरते, असे त्यांना दिसले. बुद्धिबळातला याहून बोलका प्रयोग विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचा, 1973 मधला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली, तेव्हा निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरे जागच्या जागी ठेवले आणि नवशिक्याला जेमतेम चार-पाच जमले. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा निष्णाताची स्थिती जवळजवळ नवशिक्यासारखीच झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारण अर्थाने मोठी नव्हती. हजारो डावांतून ओळखीच्या रचना त्याच्या डोक्यात साठल्या होत्या, आणि किराणा मालाची यादी पाठ करायला त्या रचना कामाला येत नाहीत.

शाळकरी मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा साला आणि गोबे या संशोधकांनी 2016 मध्ये घेतला. बुद्धिबळ शिकलेल्या मुलांत थोडी सुधारणा दिसत होती. वाचनापेक्षा गणितात ती जास्त होती, आणि पंचवीस-तीस तासांहून अधिक शिकवणी झाली असेल तर ठळक होती. अडचण तुलनेची होती. बुद्धिबळाच्या जागी मुलांना दुसरे काही नवे, आवडीचे शिकवले असते तरी एवढीच सुधारणा झाली असती का, हे बहुतेक अभ्यासांनी पाहिलेच नव्हते. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत मोठी चाचणी झाली. त्यात वर्षभर आठवड्याला एक तास बुद्धिबळ शिकवले गेले. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत ही मुले आणि बाकीची मुले यांच्या गणितात फरक आढळला नाही. गणित सुधारायचे असेल तर गणित करावे, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ आहे, आणि तो पालकांना स्पष्ट सांगायला हवा. तो न सांगता शिकवणीच्या जाहिरातीत ‘स्मरणशक्ती वाढवा’ असे छापणे ही मुलांची फसवणूक आहे.

मग उरते काय? ते शोधायला मे महिन्यातली एखादी शालेय स्पर्धा पाहावी. बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांच्या आसपास, सभागृहात दोन मोठे कूलर घरघरत असतात आणि रांगेने टेबले मांडलेली असतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी घोडा उचलते, हवेतच थबकते, आणि तिचा चेहरा उतरतो. घोडा हलवला की मागचा वजीर जातो, हे तिला आत्ता दिसले आहे. पण नियम पक्का आहे : हात लावलेला मोहराच चालवायचा. मोहरा नुसता सरळ करायचा असता तर तिने आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायला हवे होते. ती पंचांकडे पाहते, समोरच्या मुलाकडे पाहते, घोडा ठेवते आणि घड्याळ दाबते. पुढच्या डावात ती दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसते. बहुतेक प्रशिक्षक हीच युक्ती सांगतात. चाल सुचली की हाताआधी डोळ्यांनी एकदा पटभर फिरून यायचे : समोरचा काय करेल, माझे काय उघडे पडते? मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात, आणि या मुलीला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

रागाच्या भरात मोबाइलवर लिहिलेला निरोप पाठवण्याआधी थांबणे ही हीच सवय आहे. मात्र ती आपोआप तिथे पोहोचत नाही. ‘हा निरोप म्हणजे उचललेला घोडा आहे’ असे कुणीतरी एकदा जोडून द्यावे लागते.

दुसरी सवय मला सर्वांत मोलाची वाटते. पारंपरिक डावात दोघांनाही प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. त्यामुळे हरल्यावर ‘माझे नशीबच फुटके’ असे म्हणायला जागा राहत नाही, कारण तेविसाव्या चालीत काय केले ते स्वतःच्याच अक्षरात समोर असते. त्याहून सुंदर प्रथा म्हणजे डाव संपल्यावर दोघांनी शेजारी बसून तो पुन्हा मांडणे. ज्याने आत्ताच हरवले, त्यालाच ‘मी इथे काय खेळायला हवे होते?’ असे विचारायचे आणि त्यानेही मोकळेपणी सांगायचे. दुकानात, कार्यालयात किंवा भावाभावांच्या वाटणीत असे बोलणे किती वेळा होते? दहाव्या वर्षी ज्याला हे जमू लागले, त्याने खेळातून खरोखर काही कमावले.

या खेळाची एक मर्यादा मात्र विदर्भातला माणूस चटकन ओळखेल. पटावर काहीच लपलेले नसते. दोघांनाही सगळे मोहरे दिसतात, फासे पडत नाहीत, पाऊस पडत नाही. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार हिवाळ्याअखेरचा आंबिया बहार घ्यायचा की पावसाळ्याच्या तोंडचा मृग बहार, हे आधी ठरवतो, त्यानुसार झाडांचे पाणी तोडून ताण देतो, महिने मोजतो. यात पुढचे पाहून आखणी करणे आहे आणि धीरही आहे. पण फळ तोडणीला आले असताना अर्ध्या तासाची गारपीट बाग झोडपते, तेव्हा त्याने कोणतीही वाईट चाल खेळलेली नसते. बुद्धिबळात हरणारा नेहमी स्वतः चुकलेला असतो, आयुष्यात तसे नसते. पटावरची ही कठोर जबाबदारी जशीच्या तशी जगण्याला लावली, तर माणूस स्वतःला आणि शेजाऱ्यालाही विनाकारण दोषी ठरवतो. मुलांना खेळ शिकवताना हा फरकही शिकवायला हवा.

म्हाताऱ्या माणसांबाबत चित्र थोडे आशेचे आहे. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी आढळला. खेळामुळे मेंदू टिकला की मेंदू टिकलेला होता म्हणून खेळता आले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी संध्याकाळी बागेतल्या बाकावर पट मांडून कुणाची तरी वाट पाहणाऱ्या आजोबांना घराबाहेर पडायला कारण मिळते, एवढा लाभ अभ्यासाशिवायही दिसतो.

खेळाचे दुसरे टोकही सांगायला हवे. पारंपरिक डावात साधारणपणे एकेका खेळाडूला दीड तास आणि प्रत्येक चालीमागे 30 सेकंद मिळतात. मोबाइलवर तोच खेळ तीन मिनिटांत उरकतो, आणि हरले की लगेच ‘आणखी एक’. रात्री बारापर्यंत असे वीस डाव खेळणारा मुलगा थांबायला शिकत नाही, तो बोट उचलायलाच विसरतो. गुणांकन (रेटिंग) घसरले म्हणून जेवण न करणारी मुलेही असतात. अशा घरात खेळ काही आठवडे बंद ठेवणेच योग्य.

त्यामुळे स्पर्धेच्या दारात उभे असलेले पालक पहिला प्रश्न कोणता विचारतात, याला महत्त्व येते. ‘जिंकलास का?’ याऐवजी ‘कागद आणलास का?’ असेही विचारता येते. पालकाला खेळ येत असलाच पाहिजे असे नाही. त्यांनी रात्री कागदावरच्या चाली एकेक वाचून दाखवायच्या, मुलाने पट मांडून त्या खेळत जायच्या, आणि मध्ये काही बोलायचे नाही. एका ठिकाणी मुलाचा हात आपणहून थांबतो. बहुतेक वेळा चूक तिथेच असते.