जुनी फेरारी ५५० मारानेलो घेण्याआधी

आम्ही गाड्या विकत नाही. इंग्लंडात कुठेही तुम्हाला गाडी पसंत पडली, की पैसे मोजण्याआधी ती तपासून देतो. आमच्या मराठी ग्राहकांकडून सगळ्यात जास्त विचारणा या एका मॉडेलची होते, म्हणून हे पत्रक.

१९७३ मध्ये फेरारीची डेटोना बंद झाली आणि कंपनीची इंजिन पुढे असलेली दोन आसनी व्ही-१२ (बारा सिलिंडरची) गाडी दिसेनाशी झाली. त्यानंतरच्या बॉक्सर आणि टेस्टारोसा या फेरारींमध्ये १२ सिलिंडर चालकाच्या पाठीशी गेले. दिसायला जबरदस्त, पण सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न, आणि पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना घाम फुटायचा. १९९६ साली ५५० आली तेव्हा इंजिन परत पुढे आलं: साडेपाच लिटर, ४८५ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर. गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी, त्यामुळे सगळा भार नाकावर येत नाही.

आता या आकड्यांपुढे कुठलीही नवी वेगवान इलेक्ट्रिक गाडी सहज निघून जाईल. ५५० घ्यायची ती लांबच्या प्रवासासाठी. दोन माणसं, डिकीत बॅगा, सीटमागच्या फळीवर चामडी पट्ट्यांनी बांधलेलं आणखी थोडं सामान, ११४ लिटरची टाकी. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून फ्रान्सला उतरून दिवसभर चालवा, पाठ कुरकुरत नाही. (टाकी भरताना खिसा कुरकुरतो, ते वेगळं.) आणि गिअरचा दांडा धातूच्या उघड्या खाचांतून टकटक फिरतो. ५५० नंतर आलेल्या ५७५एम या मॉडेलमध्ये बहुतेकांनी स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर चालणारा गिअरबॉक्स घेतला. तिच्यातल्या हाताने गिअर टाकायच्या गाड्या विरळा, म्हणून भाव चढे. आमच्या मते तेवढा जास्तीचा पैसा ओतण्यात अर्थ नाही. हाताचा गिअर हवा तर सरळ ५५० घ्या.

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज इथे उपयोगाचा नाही. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहिलेली ५५० आम्हाला नेहमी महाग पडलेली दिसते. ऑइल सील सुकतात, रबरी होज कडक होतात, टायरची नक्षी शाबूत असूनही रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. टायमिंग बेल्ट तर गाडी न चालवताही म्हातारा होतो. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन गेलं. म्हणून गाडी किती मैल चालली हे विचारण्याआधी बेल्ट बदलल्याचं बिल मागा, त्यावरची तारीख बघा. एक दिलासा आहे: या गाडीत बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागत नाही. टेस्टारोसावाल्यांना विचारा, त्याची किंमत काय ते.

आतमध्ये डॅशबोर्डचं चामडं आक्रसून कडेने सुटतं, आणि बटणं फणसाचा चीक लागल्यासारखी चिकट होतात. दोन्ही दुरुस्त होतं, पण भाव करताना मुद्दा सोडू नका.

रोड टॅक्ससाठी नोंदणीची तारीख पाहा. १ मार्च २००१ च्या आधीच्या गाडीला कर इंजिनाच्या आकारावर, नंतरच्या गाडीला धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर. लंडनमध्ये न्यायची असेल तर यूलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या लंडनच्या शुल्काचे) रोजचे १२.५० पौंड लागतील का, हे गाडीचा नंबर घालून आधीच तपासा.

“पुढे पुण्याला नेता येईल का?” हा प्रश्न हटकून येतो. ३ वर्षांहून जुनी वापरलेली गाडी भारतात आयात करू देत नाहीत, तेव्हा तो विचार मनात ठेवून घेऊ नका.

तपासणीच्या दिवशी विक्रेत्याला एवढं सांगून ठेवा, की आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. थंड गाडीत दुसरा गिअर थोडा अडतो, त्याची काळजी नसते. तेल तापल्यावरही अडला, तर आपण बोलू.