पाताळातल्या कचेरीला पत्र

चीनच्या हुबेई प्रांतात, फंगह्वांगशान टेकडीवरच्या एका थडग्याचं उत्खनन 1975 साली झालं. आत एका पुरुषाचं शव सापडलं, दोन हजार वर्षांनंतरही बऱ्यापैकी शाबूत. सोबत बांबूच्या पट्टीवर लिहिलेलं इ.स.पू. 167 सालचं एक पत्र होतं. लिहिणारा च्यांगलिंग तालुक्याचा नायब अधिकारी, आणि पत्र होतं पाताळातल्या नायब अधिकाऱ्याला. मजकूर असा, की स्वी नावाचा हा मानकरी 28 दास, 18 दासी, तीन गाड्या आणि दहा घोडे घेऊन तिकडे येत आहे, तरी आपल्या कारकुनांनी पुढची व्यवस्था करावी. हे दास आणि घोडे थडग्यात होते, लाकडी बाहुल्यांच्या रूपात.

यात कुठल्या देवाची करुणा भाकलेली नाही. छिन आणि हान राजवटींत प्रत्येक घराची नोंद सरकारदरबारी असे: माणसं किती, मानाचा दर्जा कोणता. कर आणि वेठबिगार त्यावरच ठरे. माणूस दुसरीकडे राहायला गेला की त्याची नोंद तिकडच्या कचेरीकडे पाठवली जाई. मेलेला माणूसही तसाच मुक्काम हलवणारा, म्हणून त्याचेही कागद पुढे पाठवले. ताओ या चीनच्या देशी धर्माची संघटना उभी राहायला तेव्हा अजून तीनेकशे वर्षं अवकाश होता. चित्रगुप्ताच्या वहीची सवय असलेल्या आपल्याला वाटतं की हा हिशेबी परलोक भारतातून तिकडे गेला असावा. थडग्यांतला पुरावा मात्र सांगतो की तो तिथल्याच मातीतला आहे.

त्या कचेरीचा निकाल फिरवताही येई. कान्सू प्रांतात फांगमाथान इथं 1986 मध्ये सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर तान नावाच्या माणसाची हकिगत आहे. एकावर वार करून त्यानं स्वतःचाही जीव घेतला. पुढे त्याच्या मालकानं आयुष्याची दोरी सांभाळणाऱ्या देवाच्या कारकुनाकडे अर्ज केला, की याची मरणाची वेळ आलीच नव्हती. अर्ज मंजूर झाला आणि एका पांढऱ्या कुत्र्यानं तानला उकरून बाहेर काढलं. परत आल्यावर त्यानं सांगितलं की मेलेल्यांना फार कपडे नको असतात, आणि थडग्यापाशी पूजा करताना थुंकू नये, भुतं पळून जातात!

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सिचुआनमध्ये चांग ताओलिंग यांच्या नावाशी जोडलेला ‘दिव्य गुरूंचा’ पंथ उभा राहिला आणि हे सगळं ताओ धर्मात आलं. इथं मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्यांची आजारपणाची समजूत. पाताळात एखादा मृत माणूस जुन्या अन्यायाची फिर्याद लावतो, आणि आरोपी हयात नसेल तर त्याचे जिवंत वंशज त्यात ओढले जाऊन आजारी पडतात. मग पुरोहित वकिलासारखा वरच्या देवांकडे लेखी अर्ज करी. रोग्यानं आपल्या चुका लिहून द्यायच्या, तीन प्रतींत: एक डोंगरावर ठेवायची, एक जमिनीत पुरायची, एक पाण्यात सोडायची. आकाश, पृथ्वी आणि जल या तीन अधिकारी देवांना एकेक. ताप उतरत नसेलही, पण घरातली जुनी भांडणं, दडपलेले अपराध उघड बोलायची एक मान्य वाट त्या माणसांना मिळाली, हे मला मोलाचं वाटतं.

मृतांचा मुलूख म्हणजे आधी शान्तुंगमधला थायशान पर्वत. पुढे थाओ होंगचिंग (456–536) यांनी संकलित केलेल्या ग्रंथात उत्तरेकडच्या लुओफंग पर्वतावरचे सहा महाल आले. बौद्ध धर्माबरोबर आपला यमराज यानलुओ म्हणून तिथं पोचला तेव्हा कचेरी केव्हाच भरलेली होती. दहाव्या शतकाच्या सुमाराला रूढ झालेल्या मृतांचा निवाडा करणाऱ्या दहा न्यायाधीश-राजांच्या यादीत त्याला पाचवी जागा मिळाली, थायशानच्या राजाला सातवी. मृत्यूनंतर दर सातव्या दिवशी एक सुनावणी, अशा 49 दिवसांत सात. मग शंभराव्या दिवशी, वर्षानं आणि तिसऱ्या वर्षी. 49 दिवसांचा हिशेब भारतीय बौद्धांचा, उरलेल्या तीन तारखा चिनी सुतकाच्या. ताओ पुरोहितांनी हे दहाही राजे आपल्या विधींत घेतले.

बीजिंगमधल्या तोंगयुए या ताओ मंदिरात (उभारणी 1319 पासून) थायशानच्या देवाच्या हाताखालची 76 खाती मूर्तिरूपात मांडली आहेत. त्यातलं एक खातं कर्माचं फळ लवकर देण्यासाठीच आहे.

एवढ्या दप्तरातून सुटायचं कसं? त्यासाठी थाय-यी हा दुःखितांना सोडवणारा देव आहे. हाँगकाँगमध्ये आजही अंत्यविधीत ताओ पुरोहित तलवारीनं नऊ कौलं फोडतो. एकेक कौल म्हणजे नरकाचं एकेक दार, आणि फुटलेल्या कौलांमधून तो मृताला बाहेर घेऊन येतो.