काचेवर चरा उमटला म्हणजे हिरा खराच?

‘खड्याने काचेवर चरा उमटला की तो अस्सल हिरा,’ हा समज फार जुना आहे. चरा उमटतो हे खरं, पण त्यावरून हिरा ठरत नाही. काठिण्याच्या मोझ श्रेणीत काच साधारण ५.५, क्युबिक झिरकोनिया (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) ८ च्या पुढे, नीलम ९, मॉयसनाइट (हाही हिऱ्यासारखाच दिसणारा खडा) ९.२५ आणि हिरा १०. म्हणजे हे सगळेच काचेवर चरे पाडतात. उलट, दाबामुळे खऱ्या हिऱ्याच्याही कडेचा टवका उडू शकतो, म्हणून घरी हा प्रयोग करूच नका.

सुटा खडा तोलून पाहा. त्याच आकाराचा क्युबिक झिरकोनिया हिऱ्याच्या दीडपटीहून जड भरतो. मॉयसनाइट दहापट भिंगातून तिरका पाहिला की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरीच. खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते एवढंच मोजणारं यंत्र मात्र मॉयसनाइटलाही हिरा ठरवतं.