आजीची तिरफळं आणि पाण्याखालचे ३६ शब्द

मालवणच्या घरी आजी बांगड्याच्या तिखल्यात घालायची तिरफळं आणायला माजघरात जायची आणि तिथेच थांबून "मी हय कित्याक इलंय?" म्हणायची, मग परत चुलीपाशी आली, मिरचीच्या वाटणाचा वास आला की लगेच, "तिरफळां गो!" आम्ही म्हणायचो वय झालं, आता वाटतं उगाच म्हणायचो, कारण जागा बदलली की आठवणीचं काय होतं हे मानसशास्त्रात खरंच मोजून बघितलंय.

१९७५ साली गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधल्या ओबानजवळ डायव्हर लोकांना ३६ शब्द ऐकवले, कधी किनाऱ्यावर, कधी साधारण २० फूट पाण्याखाली. तारकर्लीला स्कूबा केलेल्यांना माहितीये, खाली स्वतःच्या श्वासाशिवाय काही धड ऐकू येत नाही, म्हणून शब्द तीन-तीन करून, मध्ये श्वासाला वेळ देऊन ऐकवले. मग आठवतील तेवढे लिहा, तिथेच नाहीतर जागा बदलून. किनाऱ्यावर ऐकून किनाऱ्यावरच लिहिले तर सरासरी १३.५ शब्द, पाण्यात ऐकून पाण्यातच लिहिले तर ११.४, आणि जागा बदलली की दोन्हीकडून साधारण साडेआठ! वर-खाली करण्याच्या गडबडीने विसरले असतील का, ही शंका पण त्यांनी तपासली, किनाऱ्यावर ऐकवून मध्ये एक बुडी मारायला लावली आणि परत किनाऱ्यावर विचारलं, काही खास फरक नाही.

पण १९८० मध्ये त्यांनीच प्रश्नाची पद्धत बदलली, आठवून लिहा ऐवजी शब्द समोर ठेवून यातले कुठले होते ते ओळखा म्हटलं, तर जागेचा फरक गायब. म्हणजे शब्द डोक्यात होतेच, हाताला लागत नव्हते. (२०२१ मध्ये मुर्रे यांनी मूळ प्रयोग परत केला तेव्हा मात्र तो परिणाम दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलाय असं नाही.)

ओळखता पण आलं नाही तर? तरी डोक्यात काही उरलंय का हे मोजायचा उपाय एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दिला होता. स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करायची, काही दिवसांनी तीच परत पाठ करायची आणि वेळ किती वाचला ते मोजायचं. एका महिन्याने पण साधारण एक पंचमांश मेहनत वाचत होती. गणपतीत आमचं हेच होतं, वर्षभर तोंडात नसलेल्या आरत्या पहिल्या संध्याकाळी पुस्तकात बघून पण अडखळत म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडायचं पण कुणाच्या लक्षात राहत नाही.