वेडेवाकडे दात सरळ करणे

वेडेवाकडे दात सरळ करणे म्हणजे तारा, क्लिपा किंवा पारदर्शक साचे लावून दातांवर हलका पण सतत दाब ठेवायचा आणि त्यांना हळूहळू जागेवर आणायचं. या शाखेचं नाव ऑर्थोडोंटिक्स, बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी झाल्यावर तीन वर्षं एमडीएस करून शिकतात, पण घरात सगळे "तारा लावल्या" एवढंच म्हणतात. आपल्याकडे विषय बहुतेक वेळा दिसण्यावरूनच निघतो, फोटोत पोरगी तोंडावर हात धरते किंवा स्थळं बघायच्या आधी एकदाचे दात करून घेऊ असं आईच्या मनात असतं, आणि मग एवढा खर्च कशाला असं कोणी विचारलं की तब्येतीचा मुद्दा पुढे येतो. तब्येतीला फायदा होतो हे खरंय, पण सगळ्यांना होत नाही, आणि जाहिरातीत जेवढं सांगतात तेवढा तर नाहीच.

दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा फिट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि दाब आला की ज्या बाजूला दाबलं जातं तिथलं हाड पेशी खाऊन टाकतात आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतात, असा दात हाडातून सरकतो. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. "डॉक्टर जरा जास्त टाईट करा ना, लवकर होईल" असं म्हणणारे खूप असतात पण जास्त जोर लावला तर त्या थराचा रक्तपुरवठाच अडतो, दात दुखतो आणि उलट अडकून बसतो.

सगळ्यात पक्का फायदा पुढे आलेले दात मागे घेण्याचा. वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर पडल्यावर त्यांना इजा व्हायचा धोका साधारण दुप्पट असतो, बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून १९९९ मध्ये हे मांडलं गेलं. कारणही साधं आहे, ओठ मिटत नाहीत त्यामुळे मधे गादी नाही, पोरगं शाळेच्या पायरीवर किंवा सायकलवरून तोंडावर आपटलं की पहिला मार दातालाच. नवव्या वर्षी तुटलेला दात म्हणजे पुढे रूट कॅनाल, मग कॅप, मग काही वर्षांनी ती कॅप बदला, हे मागे लागलं की सुटत नाही. अशा मुलांना लवकर उपचार दिले तर दात तुटणं कमी होतं एवढं दिसलंय, बाकी दातांची ठेवण शेवटी कशी होते ते बघितलं तर लवकर सुरू केलं काय आणि तेरा-चौदाव्या वर्षी केलं काय, जवळपास सारखंच.

दुसरी गोष्ट सुळ्यांची, आणि हिच्याकडे घरी कोणाचं लक्षच नसतं. वरचा सुळा साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतो, जागा नसली की हिरडीत वर चढून बसतो, त्याला काही घरांत "दातावर दात, पोर नशीब काढणार" म्हणून कौतुकही होतं. तो बाहेर आला तर निदान दिसतो तरी, पण शंभरात एक-दोघांचा तो हाडातच आडवा अडकतो आणि शेजारच्या दाताचं मूळ झिजवत राहतो, दुखत नाही, काही नाही. दहाव्या वर्षी डेंटिस्ट हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा लागतो का बघतात ते यासाठी. नाही लागला तर एक्स-रे, आणि अडकलेला असेल तर हिरडी उघडून दाताला बारीक साखळी चिकटवून ओढून आणतात.

उलटा चावा म्हणजे वरचे दात खालच्यांच्या आत बसणं, त्यात मूल तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकवतं, आणि पुढचा दात असा अडकला तर खालच्या दाताची हिरडी खाली उतरते. काहींचे खालचे दात थेट टाळ्याला लागून जखमा होतात. इथे तारा लावणं हा सरळसरळ इलाजच आहे.

किडीचं मात्र वेगळं आहे. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही म्हणून सरळ केले की कीड कमी, हे ऐकायला पटतं, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८८-८९ मध्ये तेराव्या वर्षी तपासलेली मुलं तिशीत परत तपासली तेव्हा तारा लावलेल्यांची कीड काही कमी निघाली नाही. वेल्समधल्या कार्डिफला १९८१ मध्ये हजारभर मुलांपासून सुरू झालेल्या अभ्यासातही वीस वर्षांनी, तारा न लावलेले लोक मनाने जास्त दुःखी आहेत असं काही दिसलं नाही, लावलेले आपल्या दातांवर जास्त खूश होते इतकंच. हिरड्यांचा फायदा झालाच तर थोडका. डोकेदुखी, जबड्याचा कटकट आवाज, मान-पाठ, यांच्यासाठी तारा लावा म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा नाही, आणि अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते हा समजही तसाच.

उलट तारा असताना तोंड सांभाळलं नाही तर नुकसान होतं. जेवण झाल्यावर बेसिनसमोर उभं राहून बघा, पोह्यातली कोथिंबीर तारेत गुंडाळलेली, मेथीचं पान ब्रॅकेटच्या, म्हणजे दाताला चिकटवलेल्या क्लिपच्या मागे, आणि पारदर्शक रबराच्या रिंगा एका वरण-भातात हळदीने पिवळ्याधमक. बाटली धुवायच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश मिळतो, तो वापरला नाही तर तारा काढल्यावर प्रत्येक ब्रॅकेटभोवती पांढरा डाग उरतो, तो किडीची सुरुवात असतो. मुळंही थोडी आखूड होतात, बहुतेकांची नगण्य. चिक्की, डिंकाचा लाडू, ऊस सोलणं, मटणाची नळी बंद, नाहीतर ब्रॅकेट हातात.

ब्रिटनमध्ये १९८९ च्या एका मोजपट्टीवर उपचारांची गरज १ ते ५ मध्ये ठरवतात आणि वरच्या आकड्यांच्या मुलांनाच सरकारी खर्चाने तारा मिळतात. आपल्याकडे तसं काही नाही, ज्याला परवडतं तो लावतो, गरज असो नसो. मुंबईत नायर किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, नागपूरचं सरकारी, इथे एमडीएसची मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, खाजगीपेक्षा बरंच स्वस्त, फक्त चकरा मारायची तयारी हवी.

तारा निघाल्या की रिटेनर, म्हणजे दात नव्या जागेवर धरून ठेवणारी तार किंवा साचा, आणि इथेच लोक ढिले पडतात. दातांना जुन्या जागेची ओढ असते, खालच्या पुढच्यांना तर फारच, म्हणून त्यांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून ठेवतात. काढता-घालता येणारा रिटेनर रात्री घालायचा असतो, पण तो हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो आणि वेटर टिश्यूसकट उचलून नेतो, किंवा घरी कोणीतरी स्वच्छ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात टाकतं आणि तो असा वाकडा होतो की परत बसतच नाही.