जपान, १९४६: इतिहासाच्या शिक्षकाला नोकरी टिकवण्यासाठी काय करावं लागे?

दुसऱ्या महायुद्धातल्या शरणागतीनंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला. या ताबा-प्रशासनाचे प्रमुख, अमेरिकी जनरल मॅकआर्थर, यांच्या मुख्यालयाने जपानमधल्या शाळा चालू ठेवल्या, पण शिक्षकांना चाळणी लावली. ३० ऑक्टोबर १९४५ च्या आदेशाने प्रत्येक शिक्षकाची आणि शिक्षणाधिकाऱ्याची तपासणी सक्तीची झाली. ती कशी करायची याचे नियम मे १९४६ मध्ये शाही अध्यादेश क्र. २६३ ने घालून दिले. आदेश अमेरिकनांचा, निकाल देणाऱ्या समित्या मात्र जपानी माणसांच्या. ही विभागणी मुख्यालयाच्या चांगलीच सोयीची होती.

कोणाला लागू?
सेवेत असलेल्यांना आणि नव्याने नोकरी मागणाऱ्यांनाही, मग विषय कोणताही असो. इतिहासवाल्यांची अडचण दुहेरी होती. ३१ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने नीतिशिक्षण, जपानचा इतिहास आणि भूगोल हे तीन विषयच थांबवले गेले. जुनी पुस्तकं गोळा करून लगद्याला पाठवायची होती. त्यामुळे पात्र ठरूनही शिकवायला विषय नाही, अशी या शिक्षकांची गत झाली.

अपात्र कोण?
लष्करशाहीचा किंवा आक्रमक राष्ट्रवादाचा सक्रिय प्रचार केलेले, विरोधी मताच्या सहकाऱ्यांना छळलेले, ताबा-प्रशासनाच्या धोरणांना उघड विरोध करणारे. पेशाने सैनिक असलेल्यांसारख्या काही गटांना तर वैयक्तिक चौकशीशिवायच दार बंद होतं. उलट उदारमतवादी किंवा युद्धविरोधी विचारांमुळे आधी बडतर्फ झालेल्यांना फेरनेमणुकीत प्राधान्य होतं.

‘सक्रिय’ या अटीवाचून गत्यंतर नव्हतं. शाळेची पुस्तकं सरकारच तयार करी आणि सम्राटाचं घराणं सूर्यदेवीपासून सुरू होतं, हे सगळ्यांनी एकाच पुस्तकातून शिकवलेलं. नुसतं ते शिकवणं हाच दोष धरला असता, तर वर्गावर उभं राहायला माणूस उरला नसता.

कागदपत्रं
मुख्य कागद म्हणजे प्रश्नावली. शिक्षण, आजवरच्या नोकऱ्या, लष्करी सेवा, कोणकोणत्या संघटनांत होता, काय लिहिलं, कुठे भाषणं दिली, हे सगळं त्यात स्वतःच भरायचं. वर्गात रोज काय बोलला, याचा पुरावा असा काही नसे. साहजिकच ज्याचं लेखन छापून आलेलं तो सहज सापडे आणि गप्प राहून तेच शिकवणारा सुटे. मला या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

निकाल आणि अपील
शाळांच्या शिक्षकांचं प्रकरण प्रीफेक्चरच्या (प्रांतासारख्या प्रशासकीय विभागाच्या) समितीपुढे जाई, विद्यापीठांच्या समित्या वेगळ्या. निर्णय मान्य नसेल तर केंद्रीय समितीकडे फेरतपासणी मागता येई. प्रत्यक्ष अपात्र ठरले सुमारे पाच हजार. तपासणीची वेळ येण्याआधीच राजीनामा देऊन बाहेर पडलेले मात्र एक लाखाहून अधिक! या चाळणीचा खरा परिणाम दुसऱ्या आकड्यात दिसतो.

पात्र ठरल्यावर
जपानचा इतिहास पुन्हा शिकवायची परवानगी ऑक्टोबर १९४६ मध्ये मिळाली, तीही मुख्यालयाने मंजूर केलेलंच पुस्तक वापरायच्या अटीवर. नव्या पुस्तकाची सुरुवात देवांऐवजी अश्मयुगापासून होती. शिक्षकांसाठी शिक्षण मंत्रालयाने नव्या शिक्षणाची मार्गदर्शक पुस्तिका काढली. सप्टेंबर १९४७ पासून ‘समाज अभ्यास’ हा नवा विषय आला आणि प्राथमिक शाळेत इतिहास त्यातच मिसळला. सनावळ्या घोकून घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने आता मुलांकडून चर्चा करवून घ्यायची होती. त्याची तयारी कुठल्या प्रश्नावलीने होणार?

म्हणून चाळणीनंतरचा दुसरा टप्पा, शिक्षकांना नव्याने तयार करण्याचा, लांबला. १९४९ च्या शिक्षक-परवाना कायद्यानंतर सेवेतल्या शिक्षकांनाही नव्या पद्धतीच्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासवर्गांतून श्रेयांक मिळवावे लागले. जुना अनुभव मोजला जाई, पण वरच्या दर्जाचा परवाना हवा तर अभ्यासवर्गाला बसणं भाग होतं.