इंग्लिश खेड्यातील घरविक्रीच्या किमती

इंग्लंडमधल्या लहान खेड्यात वर्षभरात चार-पाच घरे विकली गेली तरी पुष्कळ. एखादे वर्ष कोरडेच जाते. त्यामुळे अशा गावाचा ‘सरासरी भाव’ ही फसवी गोष्ट आहे. एका वर्षी चर्चजवळचे जुने पाद्रीनिवास विकले गेले की सरासरी आभाळाला भिडते, पुढच्या वर्षी दोन छोटी रो-हाउस विकली की कोसळते. प्रत्यक्षात कोणत्याच घराचा भाव हललेला नसतो. ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लहान क्षेत्रांसाठी मुख्यतः मध्यक, म्हणजे किमती चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, देते. पाचांहून कमी विक्री असेल तर तीही देत नाही.

खरी माहिती मिळते ती लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे घरजमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, विक्रीयादीत. इंग्लंड व वेल्समध्ये १ डिसेंबर १९९० पासून विकलेल्या घराची मालकीनोंद सर्वत्र सक्तीची झाली. जानेवारी १९९५ पासूनच्या विक्रीची यादी कोणालाही फुकट पाहता येते: पूर्ण पत्ता, तारीख, किंमत, घर स्वतंत्र आहे, जोडघर आहे, रो-हाउस की फ्लॅट, नवे की जुने. खरेदीदाराचे नाव मात्र यादीत नसते. चौरस फुटाचा भाव काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न इथे निरुपयोगी, कारण यादीत क्षेत्रफळच नाही. बक्षीसपत्राने किंवा सवलतीत हस्तांतरित झालेली घरे यादीत येत नाहीत. व्यवहार होऊन नोंद दिसेपर्यंत काही आठवडे, कधी महिनेही जातात. एकच घर १९९५ नंतर दोन-तीनदा विकले गेले असेल तर त्या किमती शेजारी ठेवून पाहाव्यात. गावाच्या सरासरीपेक्षा ते कितीतरी बोलके असते.

आकड्यांवर कराची छापही दिसते. डिसेंबर २०१४ पर्यंत मुद्रांक शुल्क संपूर्ण रकमेवर एकाच दराने लागे: अखेरच्या वर्षांत १,२५,००० ते २,५०,००० पौंडांपर्यंत १ टक्का, त्यापुढे ५,००,००० पर्यंत ३ टक्के. एका पौंडाने २,५०,००० ची मर्यादा ओलांडली की शुल्क २,५०० वरून ७,५०० पौंडांवर जाई. साहजिकच जुन्या नोंदींत २,४९,९५० सारखे आकडे वारंवार भेटतात. आता शुल्क टप्प्याटप्प्याने लागते. दुसरे घर घेणाऱ्यावर एप्रिल २०१६ पासून ३ टक्के, तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के जादा शुल्क आहे. समुद्रकाठच्या, सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांच्या गावांत याचा भार विशेष जाणवतो.

किमती चढ्या राहण्यामागे बांधकामावरील निर्बंध हे मोठे कारण. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून बांधकामाला परवानगी लागते, आणि अनेक गावांभोवती हरितपट्टा आहे. गवताने शाकारलेल्या जुन्या घराला वारसा-संरक्षण असेल तर खिडकी बदलायलाही संमती हवी. गंमत म्हणजे तेच घर मोहापायी महाग विकले जाते. उलट, ‘शेती किंवा वनीकरणात काम करणाऱ्यानेच राहावे’ अशी अट असलेले घर शेजारच्या तशाच घरापेक्षा बरेच स्वस्त जाते. यादीत ही अट दिसत नाही. अनोळखी वाचकाला तो सौदा स्वस्तात पटल्यासारखा वाटतो.

काही गावांना बाजारभाव जवळजवळ नाहीच. विल्टशरमधले लेकॉक १९४४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दान मिळाले आणि तिथली बहुतेक घरे भाड्याने दिली जातात. डेव्हनमधले क्लोव्हेली एका खाजगी इस्टेटीच्या मालकीचे असून रहिवासी भाडेकरू आहेत.